अळूची खाज आणि मुतखड्याची कळ

श्रावण लागला की भाजीबाजारात अळूच्या जुड्यांचे ढीग दिसू लागतात आणि ते चिरताना बोटांना सुटणारी खाज मराठी घरांना नवीन नसते. हातांना आधी तेल किंवा चिंचेचा कोळ लावावा, देठ सोलून घ्यावेत, आमसूल किंवा चिंच घातल्याखेरीज भाजी चुलीवरून उतरवू नये, हे शिक्षण पिढ्यान् पिढ्या स्वयंपाकघरातच मिळत आले आहे. दुसरीकडे, पाठीतून जांघेकडे सरकत जाणारी मुतखड्याची कळ ज्याने एकदा सोसली, त्याला आप्तेष्टांकडून आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून एक यादी हमखास ऐकावी लागते : पालक बंद, टोमॅटो बंद, दूध बंद. बोटांना खाजवणारा तो पदार्थ आणि मूत्रपिंडात खडा होऊन बसणारा हा पदार्थ रसायनशास्त्राच्या दृष्टीने एकच आहे, ही गोष्ट मात्र फारशी कोणाच्या ध्यानात येत नाही. या पदार्थाचे नाव कॅल्शिअम ऑक्झलेट. आणि ऐकीव यादीतील तीन निषेधांपैकी एक बहुतांशी रास्त, एक निरर्थक आणि एक तर ज्या रोगासाठी सांगितला जातो तोच रोग वाढवणारा आहे. पालकाच्या बाबतीत यादी बरोबर आहे, टोमॅटोवर तिने अन्याय केला आहे, आणि दुधाच्या बाबतीत ती साफ चुकली आहे.

ऑक्झॅलिक आम्ल हे वनस्पतिसृष्टीत सर्वत्र आढळणारे साधे सेंद्रिय आम्ल. त्याला नाव मिळाले ते ऑक्झॅलिस या वनस्पतिकुळावरून. आपल्याकडे कुंड्यांमध्ये, गवतात, पायवाटेच्या कडेने उगवणारी तीन पानांची आंबुशी याच कुळातली. मुले जी पाने तोडून चघळतात, त्यांच्या आंबटपणाचे कारण हेच आम्ल. स्वीडिश रसायनज्ञ कार्ल शेले याने १७७६ मध्ये साखरेवर नायट्रिक आम्लाची क्रिया करून ते प्रयोगशाळेत मिळवले. पुढे १८२४ मध्ये फ्रीडरिश व्होलर याने ते सायनोजेनपासून बनवले. युरियाच्या ज्या सुप्रसिद्ध प्रयोगामुळे व्होलरचे नाव पाठ्यपुस्तकांत गेले, त्याच्या चार वर्षे आधीची ही गोष्ट. आजही लोखंडावरचा किंवा फरशीवरचा गंजाचा डाग काढण्यासाठी हे आम्ल वापरले जाते. म्हणजे शुद्ध स्वरूपात ते विषारीच आहे. भाजीत ते किती आहे, कोणत्या रूपात आहे आणि कशाबरोबर पोटात जाते, यावर सारे अवलंबून असते.

हे रूप दोन प्रकारचे असते. पोटॅशिअम आणि सोडिअम यांच्याशी संयोग पावलेले ऑक्झलेट पाण्यात विरघळते. कॅल्शिअमशी संयोग पावलेले जवळजवळ विरघळत नाही. वनस्पती आपल्या पेशींमधील जादा कॅल्शिअम या अविद्राव्य स्फटिकांच्या रूपाने बाजूला टाकते आणि त्याच स्फटिकांचा पाने खाणाऱ्या प्राण्यांविरुद्ध शस्त्रासारखा उपयोग करते. खाज हा त्या शस्त्राचा प्रसाद होय.

सुयांचे जुडगे

अळू, सुरण, रानात उगवणारे तेरे ही सारी एकाच कुळातील मंडळी. त्यांच्या पानांत, देठांत आणि कंदांत काही खास पेशी असतात. त्यांत कॅल्शिअम ऑक्झलेटच्या अतिसूक्ष्म, दोन्ही टोकांना अणकुचीदार अशा सुया काडेपेटीतील काड्यांप्रमाणे जुडग्याने रचलेल्या असतात. पान चिरले किंवा चावले की पेशी फुटते आणि सुया बाहेर पडून त्वचेत, जिभेत, घशात शिरतात. मात्र केवळ टोचण्याने एवढी आग होत नाही. सुयांच्या पृष्ठभागावर प्रथिनांचे विघटन करणारे विकर असतात आणि टोचलेल्या सूक्ष्म छिद्रांतून ते आत जातात. ही प्रथिने धुऊन काढली असता सुया तशाच राहूनही खाज पुष्कळ कमी होते, असे अळूवर्गीय कंदांवरील प्रयोगांत दिसून आले आहे.

यावरून स्वयंपाकघरातील एका रूढ समजुतीकडे नव्याने पाहता येते. चिंचेतील आम्लामुळे स्फटिक विरघळतात आणि म्हणून खाज जाते, असे सर्रास सांगितले जाते. परंतु कॅल्शिअम ऑक्झलेट हे मोठे चिवट संयुग आहे. तीव्र खनिज आम्लात ते विरघळते, अ‍ॅसिटिक आम्लासारख्या सौम्य आम्लात नाही. रसायनशाळेत त्याची ओळख पटवण्यासाठी याच गुणाचा उपयोग करतात. पातेलेभर भाजीतल्या चिंचेने किंवा आमसुलाने सगळ्या सुया नाहीशा होणे संभवनीय नाही. आम्लाचा आणि उष्णतेचा मारा त्या विकरांवर होतो, असे मानणे अधिक सयुक्तिक ठरते. अळू कमी शिजला तर चिंच घालूनही खाजतो आणि पुरेसा शिजला की गुमान राहतो, या अनुभवाशीही ते जुळते. वडीसाठी काळ्या देठाचे, कमी खाजरे अळू निवडायचे आणि वर चिंच-गुळात भिजवलेल्या बेसनाचा लेप देऊन उंडे उकडायचे, यात आजीने विकरांचे नावही न ऐकता त्यांचा पुरता बंदोबस्त केलेला असतो.

शहरी घरांत याच कुळातील आणखी एक पाहुणा हल्ली दिवाणखान्यात असतो. हिरव्या पानांवर पांढरट ठिपके असलेले डिफेनबाकियाचे झाड सदनिकांच्या कोपऱ्यांत शोभेसाठी ठेवलेले दिसते. रांगत्या मुलाने त्याचे पान चावले तर तीच सुयांची जुडगी तोंडात फुटतात. ओठ आणि जीभ सुजतात, लाळ गळू लागते, क्वचित श्वासालाही अडथळा येतो. अशा वेळी तोंड पुसून थंड दूध किंवा पाणी द्यावे आणि सूज वाढत असेल तर वेळ न दवडता रुग्णालय गाठावे. लहान मूल असलेल्या घरात ही कुंडी उंचावर हलवलेली बरी.

खाज कितीही त्रासदायक असली तरी मूत्रपिंडाच्या दृष्टीने मात्र या सुया तुलनेने निरुपद्रवी आहेत. अविद्राव्य असल्यामुळे त्या आतड्यात फारशा शोषल्या जात नाहीत, विष्ठेवाटे निघून जातात. खरी चिंता असते ती न खाजणाऱ्या, जिभेला गुळगुळीत लागणाऱ्या, विद्राव्य ऑक्झलेटची. येथे एक गंमत नमूद करण्यासारखी आहे. अळूच्या फदफद्यात आंबटपणासाठी काही घरांत चुका घालतात. त्याने खाज मरते खरी, पण चुक्याचा आंबटपणा हा स्वतःच मुख्यत्वे ऑक्झॅलिक आम्लाचा असतो. म्हणजे तोंडापुरता सुटलेला प्रश्न पुढे मूत्रपिंडाच्या वाट्याला येतो. निरोगी माणसाने पानात वाढलेल्या वाटीभर फदफद्याची धास्ती घेण्याचे अर्थातच कारण नाही. पण वारंवार खडे होणाऱ्यांनी अळूच्या भाजीसाठी चुक्याऐवजी चिंचेची निवड करणे शहाणपणाचे.

पालकाचे कॅल्शिअम

विद्राव्य ऑक्झलेटच्या बाबतीत पालक हा सर्वांचा राजा. १०० ग्रॅम कच्च्या पालकात साधारण ६०० ते ९७० मिलिग्रॅम ऑक्झलेट आढळते. माठ, तांदुळजा आणि राजगिऱ्याची पाने, चुका, बीट हेही वरच्या पंगतीतले. सुक्यामेव्यात बदाम आणि काजू. सर्वसाधारण आहारातून माणसाच्या पोटात दिवसाला १०० ते २०० मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्झलेट जाते, हे लक्षात घेतले म्हणजे पालकाची एक लहानशी जुडी काय करू शकते याची कल्पना येईल. मेथी, कोबी, फ्लॉवर, दुधी, पडवळ, काकडी यांत त्याचे प्रमाण अल्प. टोमॅटोही त्याच रांगेतला. पालकाच्या तुलनेत त्यात साधारण शंभरावा हिस्सा ऑक्झलेट असते. टोमॅटोच्या बिया मूत्रपिंडात जाऊन तिथे खडा होतो, ही समजूत तर शरीररचनेच्या प्राथमिक माहितीलाही धरून नाही. अन्नातील बी आतड्यातून पुढे जाते, मूत्रपिंडात जाण्याचा मार्गच तिला उपलब्ध नसतो.

पालक खाल्ल्यावर दातांवर एक खरखरीत थर जाणवतो. पालकातील ऑक्झलेट तोंडातच कॅल्शिअमला गाठते, त्याची ही खूण. पुढे पचनमार्गात हेच मोठ्या प्रमाणावर घडते. त्याचा पहिला परिणाम मूत्रपिंडावर होण्याआधी हाडांच्या हिशेबावर होतो, आणि शाकाहारी कुटुंबांनी तो नीट समजून घेण्यासारखा आहे. पालकात कॅल्शिअम आहे, हे खरे. १०० ग्रॅममध्ये ते ८० ते १०० मिलिग्रॅम भरते. पण त्यातले अंगी किती लागते? अमेरिकेतील रॉबर्ट हीनी, कॉनी वीव्हर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हे मोजण्यात आले. दुधातील कॅल्शिअमपैकी सरासरी २७.६ टक्के शोषले गेले, पालकातील अवघे ५.१ टक्के. याच हिशेबाने पाहिले तर २०० मिलिलिटरच्या पेलाभर दुधातून शरीराला ६५ मिलिग्रॅमच्या घरात कॅल्शिअम मिळते, आणि तेवढेच पालकातून मिळवायचे तर सव्वा किलोहून अधिक पालक खावा लागेल. हिरवी पालेभाजी म्हणजे कॅल्शिअम, असे सरसकट समीकरण मांडणारे तक्ते म्हणूनच दिशाभूल करतात. पालकात इतर पुष्कळ गुण आहेत, पण हाडांच्या हिशेबात त्याला धरू नये. मेथी किंवा कोबीवर्गातील पाने यांच्या बाबतीत ही अडचण येत नाही. तिळाचेही असेच : त्यातील कॅल्शिअमचा आकडा डोळे दिपवणारा असतो, परंतु त्याचा बराच भाग सालीत ऑक्झलेटशी बांधलेला असतो.

दुधावरचा अन्याय

आता खड्याकडे वळू. मुतखड्यांपैकी सुमारे ८० टक्के कॅल्शिअमचे असतात आणि त्यांतील बहुसंख्य कॅल्शिअम ऑक्झलेटचे. लघवीत कॅल्शिअम आणि ऑक्झलेट दोन्ही असतातच. लघवी घट्ट झाली की ती दोन्ही एकत्र येऊन स्फटिक तयार होतात आणि ते मूत्रपिंडात अडकून वाढू लागतात. खड्यात कॅल्शिअम आहे, तर कॅल्शिअम कमी खावे, हा तर्क इतका सरळ वाटतो की अनेक वर्षे डॉक्टरही तोच सल्ला देत असत. दूध, दही, पनीर बंद करण्याचा आदेश हा त्या काळाचा वारसा आहे.

हा तर्क कोसळला तो १९९३ मध्ये. हार्वर्ड विद्यापीठातील गॅरी कर्हान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४० ते ७५ वयाच्या ४५ हजारांहून अधिक पुरुषांच्या आहाराचा चार वर्षे मागोवा घेतला. आहारातून सर्वांत जास्त कॅल्शिअम घेणाऱ्या गटात मुतखड्याचा धोका सर्वांत कमी घेणाऱ्यांपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी आढळला. हा निव्वळ निरीक्षणाचा अभ्यास होता. त्याला प्रयोगाचा आधार मिळाला २००२ मध्ये. इटलीतील पार्मा येथे लोरिस बोर्घी यांच्या गटाने पुनःपुन्हा खडे होणाऱ्या १२० पुरुषांची दोन गटांत विभागणी केली. एका गटाला जुन्या सल्ल्याप्रमाणे कमी कॅल्शिअमचा आहार देण्यात आला, म्हणजे दिवसाला ४०० मिलिग्रॅम. दुसऱ्याला १२०० मिलिग्रॅम कॅल्शिअम, पण मीठ आणि मांसाहारी प्रथिने कमी. पाच वर्षांनी हिशेब झाला तेव्हा कमी कॅल्शिअमच्या गटात ६० पैकी २३ जणांना पुन्हा खडा झाला होता. दुसऱ्या गटात ६० पैकी १२ जणांना.

असे का व्हावे, याचे उत्तर आतड्यात आहे. जेवणातले कॅल्शिअम जेवणातल्या ऑक्झलेटला तिथेच पकडते. दोघांचे अविद्राव्य संयुग बनते आणि ते शौचावाटे बाहेर पडते. अळूच्या सुयांचे जे होते तेच. एरवी आहारातील ऑक्झलेटपैकी ५ ते १५ टक्केच शोषले जाते. दूध-दही बंद केले की ऑक्झलेटला अडवणारे कोणी उरत नाही, ते मोकळेपणाने रक्तात आणि तिथून लघवीत उतरते. बोर्घींच्या प्रयोगात कमी कॅल्शिअम घेणाऱ्यांच्या लघवीतील ऑक्झलेट वाढलेलेच आढळले. म्हणजे खड्याच्या भीतीने दूध सोडणारा माणूस खड्यालाच निमंत्रण देतो, आणि वर आपली हाडेही ठिसूळ करून घेतो. मुतखड्याच्या रुग्णांत हाडांची घनता कमी असण्याचे प्रमाण मुळातच अधिक असते, हे लक्षात घेतले तर हा दुहेरी तोटा किती महागात पडतो ते कळेल.

येथे 'जेवणातले' या शब्दाला महत्त्व आहे. याच हार्वर्डच्या गटाने १९९७ मध्ये ९१ हजारांहून अधिक परिचारिकांची जी पाहणी प्रसिद्ध केली, तीत आहारातील कॅल्शिअम खड्यापासून रक्षण करताना दिसले, पण कॅल्शिअमच्या गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांत खड्याचा धोका सुमारे २० टक्क्यांनी अधिक होता. गोळी उपाशीपोटी किंवा झोपताना घेतली की तिला बांधायला ऑक्झलेट सापडत नाही. कॅल्शिअम तेवढे लघवीत वाढते. रजोनिवृत्तीनंतर ज्यांना डॉक्टरांनी अशी गोळी सांगितली आहे आणि ज्यांना खड्याचा इतिहास आहे, त्यांनी ती जेवणाबरोबर घ्यावी का, हे आपल्या डॉक्टरांना जरूर विचारावे.

पालक-पनीर हा पदार्थ या संदर्भात अकारण बदनाम झाला आहे. पालकातील ऑक्झलेट पनीरचे कॅल्शिअम वाया घालवते, म्हणून ही जोडी घातक, असा मजकूर भ्रमणध्वनीवर फिरत असतो. कॅल्शिअमचा काही भाग वाया जातो, यात असत्य नाही. पण खड्याची भीती असलेल्या माणसाच्या दृष्टीने पनीरशिवाय पालक खाण्यापेक्षा पनीरबरोबर खाणे केव्हाही हितावह. न्यूझीलंडमधील लिंकन विद्यापीठात २००३ मध्ये पालकाबरोबर दुग्धजन्य पदार्थ दिले असता लघवीतून पडणाऱ्या ऑक्झलेटचे प्रमाण घटल्याचे दिसले. आपली ताकातली पालकाची भाजी, जिच्यात डाळ-दाण्यांच्या जोडीला पुरेसे ताक असते, ती या कसोटीला नेमकी उतरते. दुधाच्या चहाचीही गोष्ट वेगळी नाही. चहाच्या पत्तीत ऑक्झलेट असते, पण दुधातील कॅल्शिअममुळे त्यातले अगदी थोडे शोषले जाते. दोन-तीन कप दुधाचा चहा पिणाऱ्याने त्याची काळजी करू नये. कपागणिक दोन चमचे साखरेची करावी.

जे पिऊन मूत्रपिंड गेले

आहारातून येणारे ऑक्झलेट हे लघवीतील एकूण ऑक्झलेटचा एक हिस्साच असते. उरलेले आपले यकृत स्वतः तयार करते. त्यामुळे नेहमीच्या जेवणातील भाज्यांना खड्यासाठी जबाबदार धरणे अनेकदा अनाठायी ठरते. फळे, भाज्या, कडधान्ये आणि कमी स्निग्धांशाचे दूध भरपूर असलेल्या, रक्तदाबासाठी सुचवलेल्या आहारपद्धतीत ऑक्झलेट अधिकच असते; तरीही तसा आहार घेणाऱ्यांत खड्याचा धोका ४० टक्क्यांहून अधिक कमी असल्याचे २००९ मधील एका मोठ्या पाहणीत आढळले. तेव्हा समाजमाध्यमांतून पसरणारे 'ऑक्झलेटमुक्त आहारा'चे खूळ, ज्यात सांधेदुखीपासून थकव्यापर्यंत सर्व व्याधींचे खापर पालेभाज्यांवर फोडले जाते, त्याला पुराव्याचा आधार नाही.

धोका उभा राहतो तो प्रमाण सुटले की. आणि प्रमाण सहसा जेवताना सुटत नाही, पिताना सुटते. पालकाची भाजी माणूस किती खाईल? वाटी, दोन वाट्या. तोच पालक कच्चा, मिक्सरमधून काढून, उपाशीपोटी पेलाभर प्यायला की दीडशे-दोनशे ग्रॅम पाने सहज पोटात जातात. म्हणजे हजार मिलिग्रॅमच्या पुढे ऑक्झलेट, तेही न शिजवलेले आणि कॅल्शिअमच्या सोबतीवाचून. अमेरिकेतील ६५ वर्षांच्या एका स्त्रीची हकिगत २०१८ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. 'शरीरशुद्धी'साठी तिने पालेभाज्यांचे असे पेय सुरू केले. तिच्यावर पूर्वी जठर-आतड्याची शस्त्रक्रिया झाली होती आणि दीर्घकाळ प्रतिजैविकेही दिली गेली होती. आधी सुस्थितीत असलेली तिची मूत्रपिंडे कायमची निकामी झाली. आर्कान्सामधील ५६ वर्षांच्या एका पुरुषावर तीच वेळ बिनदुधाच्या थंड चहाने आणली. तो दिवसाला १६ पेले चहा पीत असे; २०१५ मध्ये त्याच्या बाबतीत प्रसिद्ध झालेल्या पत्रात त्याच्या पोटात रोज १५०० मिलिग्रॅमहून अधिक ऑक्झलेट जात असल्याचा अंदाज दिला आहे. अशा वेळी खडा होण्याइतकाही अवधी मिळत नाही. सूक्ष्म स्फटिक थेट मूत्रपिंडाच्या नलिकांतच साचतात.

परदेशातील उदाहरणे दूरची वाटतील, पण केरळ दूर नाही. तिथे इरुंबन पुळी नावाचे हिरवे, लांबट, अतिशय आंबट फळ होते. गोव्यात आणि कोकणाच्या दक्षिण भागात लोणच्यासाठी, माशांच्या कालवणासाठी वापरले जाणारे बिंबल ते हेच. रक्तातील कोलेस्टेरॉल उतरवण्याचा घरगुती उपाय म्हणून त्याचा ताजा रस पिण्याची लाट केरळात आली. २०१३ मध्ये तेथील पाच रुग्णालयांतील दहा रुग्णांचा अहवाल प्रसिद्ध झाला : रस प्यायल्यावर सर्वांची मूत्रपिंडे अचानक बंद पडली होती आणि सात जणांना डायलिसिस करावे लागले. कालवणात चार बिंबले घालणारी गोव्याची गृहिणी आणि त्याच फळाचा पेलाभर रस औषध म्हणून पिणारा माणूस यांत जो फरक आहे, तो कमीअधिकाचा नाही. दोन वेगळे पदार्थच त्यांनी खाल्ले, असे म्हटले पाहिजे.

बिंबलाचे भाईबंद म्हणजे कमरख, ताऱ्याच्या आकाराच्या फोडी पडणारे फळ. मूत्रपिंडाचा जुना विकार असलेल्यांनी, विशेषतः डायलिसिसवर असलेल्यांनी, कमरखाची फोडही तोंडात घालू नये. त्यात ऑक्झलेटखेरीज चेतासंस्थेवर परिणाम करणारे विष असते. ब्राझीलमधील शास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये ते वेगळे काढून त्याला कॅरॅम्बॉक्सिन असे नाव दिले. न थांबणारी उचकी हे त्याचे पहिले लक्षण, नंतर भ्रम, झटके आणि काही वेळा मृत्यू.

'क' जीवनसत्त्वाचा उल्लेखही येथे अटळ आहे, कारण शरीरात त्याच्या विघटनातून ऑक्झलेट तयार होते. स्वीडनमध्ये २३ हजारांहून अधिक पुरुषांच्या पाहणीत या जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेच्या, साधारण १००० मिलिग्रॅमच्या, गोळ्या घेणाऱ्यांत खड्याचे प्रमाण जवळजवळ दुप्पट आढळले. हा निष्कर्ष २०१३ मधला. २०२० आणि २०२१ च्या करोनाकाळात या गोळ्या आपल्याकडे घरोघरी आल्या आणि काही घरांत त्या सवयीने पुढेही चालू राहिल्या. ज्यांना पूर्वी खडा झाला आहे त्यांनी ही सवय विनाविलंब सोडावी. आवळा, पेरू, लिंबू यांतून मिळणाऱ्या जीवनसत्त्वाची मात्रा इतकी मोठी नसते, त्यांना हा नियम लागू नाही.

वजन घटवण्यासाठी जठर-आतड्याची शस्त्रक्रिया झालेले, आतड्याच्या दीर्घ दाहाने आजारी असलेले, स्निग्ध पदार्थ न पचणारे, अशांनी मात्र नेहमीच्या आहारातही सावध असावे. न पचलेली चरबी आतड्यात कॅल्शिअमला धरून ठेवते आणि ऑक्झलेट मोकळे सुटते. थोड्या मुलांत यकृताच्या जन्मजात दोषामुळेच ऑक्झलेटचा पूर येतो. लहान वयात वारंवार खडे होणे ही त्याची खूण. त्यांच्यासाठी पथ्य पुरेसे नसते; २०२० पासून अमेरिका-युरोपात मान्यता मिळालेल्या लुमासिरान या औषधाने यकृतातील ही निर्मिती रोखता येते, पण त्याचा खर्च सामान्य कुटुंबाच्या आवाक्यापलीकडचा आहे.

पातेले, पाणी आणि मीठ

ज्यांना खडा होऊन गेला आहे त्यांनीही पालक कायमचा वर्ज्य करावा असे नाही, पण तो रोजचा नसावा आणि करताना थोडे कष्ट घ्यावेत. अमेरिकेतील वायोमिंग विद्यापीठात २००५ मध्ये केलेल्या तपासणीत, भाज्या उकळल्याने त्यांतील विद्राव्य ऑक्झलेट ३० ते ८७ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. वाफवल्याने ५ ते ५३ टक्क्यांनी. उकळताना ते नष्ट होत नाही, पाण्यात उतरते. म्हणून ते पाणी ओतून द्यावे लागते. जीवनसत्त्वे वाया जाऊ नयेत म्हणून भाजीचे पाणी टाकू नये, हा एरवी योग्य असलेला धडा पालकापुरता बाजूला ठेवावा.

मात्र खड्याच्या रुग्णाने भाज्यांच्या यादीपेक्षा अधिक लक्ष द्यावे ते पाण्याकडे. बोर्घी यांच्याच गटाने १९९६ मध्ये प्रथमच खडा झालेल्या १९९ जणांचा पाच वर्षांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसाला दोन लिटर लघवी होईल इतके पाणी ज्यांना प्यायला सांगितले, त्या ९९ जणांपैकी १२ जणांना पुन्हा खडा झाला. ज्यांना काही सांगितले नाही, त्या १०० पैकी २७ जणांना. एवढा स्वस्त उपाय वैद्यकात क्वचितच सापडतो. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात दोन लिटर लघवीसाठी तीन-साडेतीन लिटर पाणीही पुरत नाही, कारण त्यातले बरेचसे घामावाटे जाते. तेव्हा किती तांबे प्यायलो यापेक्षा लघवीचा रंग फिकट आहे ना, हे पाहणे अधिक भरवशाचे. कार्यालयात, प्रवासात स्वच्छतागृह मिळणार नाही म्हणून पाणीच न पिणाऱ्या स्त्रियांची संख्या आपल्या शहरांत मोठी आहे. त्यांच्यापुरता मुतखडा हा वैद्यकीय इतकाच नागरी व्यवस्थेचाही प्रश्न ठरतो. कुळथाच्या कढणावर अनेकांची श्रद्धा असते. कढणाच्या निमित्ताने पोटात जाणारे पाणी तरी निश्चित उपयोगी पडते. बिअरने खडा पडतो, या लाडक्या समजुतीचे समर्थन मात्र करता येत नाही. तिने लघवी वाढते खरी, पण तेवढे काम पाण्यानेही होते.

पाण्याच्या खालोखाल मीठ. लघवीतून सोडिअम जास्त पडू लागले की त्याच्या मागोमाग कॅल्शिअमही पडते. लोणचे, पापड, फरसाण, शेव या पदार्थांवर कोणीही मुतखड्याचा आळ घेत नाही, आणि बिचारा टोमॅटो मात्र वर्षानुवर्षे शिक्षा भोगतो. लिंबातील सायट्रेट लघवीत स्फटिक जमू देत नाही, म्हणून बिनमिठाचे, कमी साखरेचे लिंबूपाणी चांगले.

ज्याला खडा पडल्याचा अनुभव येईल, त्याने तो फेकून देऊ नये. डॉक्टर लघवी गाळून घेण्यास सांगतात ती याचसाठी. त्या वाळूच्या कणाएवढ्या तुकड्याची रासायनिक तपासणी मोठ्या शहरांतील प्रयोगशाळांत होते. तो युरिक आम्लाचा निघाला, तर पालकाचा आणि त्याचा काहीच संबंध नसतो, आणि औषध, पथ्य दोन्ही बदलतात. पुनःपुन्हा खडे होत असतील तर चोवीस तासांची लघवी साठवून तीत कॅल्शिअम, ऑक्झलेट, सायट्रेट आणि सोडिअम किती, हेही मोजून घेता येते. ऑक्झलेट दिवसाला ४०-४५ मिलिग्रॅमच्या आत असेल, तर त्या माणसाने पालकाची भाजी सोडण्याऐवजी खड्याचे कारण दुसरीकडे शोधावे.